मिठाचा तह

खांडबाऱ्याच्या माझ्या दुकानात मी तराजू पुसत होतो, तेवढ्यात धानोऱ्याचा एक माणूस पायरीवर येऊन बसला. "शेठ, दामोदर गुरुजी गयात..." एवढंच बोलला. त्याला महिना झाला. अजून गाडीची शिट्टी ऐकली की वाटतं, दामू वर्तमानपत्र घ्यायला स्टेशनावर आला असेल, आणि आता दुकानात शिरून माझं डोकं खाईल.

जगाच्या भांडणांपेक्षा त्याला जगातल्या दोस्त्या प्याऱ्या. कोणत्या राजानं कोणाशी तह केला, तो कोणी पाळला, हे धानोऱ्याच्या शाळेत तो घरच्या सोयरिकी सांगाव्यात तसं सांगे. गेल्या वर्षी तर पेपर नाचवतच आला. इंग्लंड-पोर्तुगालचा तह साडेपाचशे वर्षांहून जुना, आणि त्याची आठवण करून देताच पोर्तुगालनं इंग्रजांना जर्मनीशी चाललेल्या लढाईसाठी आपली बेटं वापरू दिली होती. "राजा मरी गयात, पन शब्द जित्ता शे!" इंग्रजांचं प्रेम त्याला काडीचं नव्हतं; कौतुक शब्दाचं.

तह धानोऱ्याचाही होता. आमच्या वडलांच्या वेळच्या, संवत छपन्नच्या दुष्काळात गावची गुरं तोरणमाळच्या डोंगरावरल्या भिल्लांच्या नाईकानं आपल्या रानात जगवली. तेव्हापासून दर होळीआधी गावानं वर मीठ पोचवायचं. कागद नाही, सही नाही. पण गेल्या होळीला लढाईपायी मालगाड्या येईनात, माझ्या दुकानात मिठाचा खडा उरला नाही. चावडीवर पाटील म्हणाले, "घरमाच पुरत नही, औंदा वर काय धाडानं?"

"पोर्तुगाल शब्द पाळस, आनि आपन मोडानं का?" दामूनं विचारलं.

"पोर्तुगाल कोठे, धानोरं कोठे!" सगळी चावडी हसली.

दामू घरी गेला, मिठाची बरणी आणि एक गोणी घेऊन आला, आणि सर्वांदेखत बरणी गोणीत उपडी केली. मागून आलेल्या वहिनी म्हणाल्या, "आज अळनी खासूत, त्यामा काय?" मग एकेक म्हातारी घरून मूठ मूठ आणू लागली. पाटील तेवढे जागचे हलले नाहीत.

तोरणमाळचा उभा घाट दामू गोणी पाठीवर घेऊन चढला, मी नुसता हात हलवत जाऊनही धापा टाकत होतो. नाईकानं चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं आणि त्याला घट्ट मिठी मारली. मोठमोठ्या दरबारांतले वकील असतील मोठे... माझा दोस्त त्यांच्या तोडीचा होता, आणि हे सांगताना माझी छाती फुगते.

ती रिकामी गोणी पुढे शाळेत जगाच्या नकाशाशेजारी खुंटीला टांगलेली असे. परवा होळी जवळ आली, मिठाची टंचाई तशीच, आणि पाटील ती खांद्यावर टाकून माझ्या दारात हजर! मी म्हटलं, "पाटील, घरमा पुरी का?"

त्यांनी गोणीचं तोंड उघडून मला दाखवलं.

"पह्यलं मीठ मन्हा घरनं शे. आते तुम्हनं टाका, शेठ."