पाहुणे यायच्या आधी

मैदानावर ताज्या फक्कीच्या पांढऱ्या रेषांचा वास आला आणि विद्यापीठाचा क्रीडा संचालक असूनही मला खुर्चीत बसवेना.

खूप वर्षांपूर्वी माझी विद्यार्थिनी, वडगावच्या विणकराची सुनंदा, अशाच रेषेवर पळायला उभी होती. तिला बघायला पाहुणे येणार, म्हणून न्यायला आलेले तिचे आप्पा तिच्या चपला हातात धरून माझ्याशेजारी थांबले होते.

"सर, लई जोरात पळती म्हणून पाहुणे न्हाय म्हणतील काय?"

"तसं काही होत नाही, आप्पा," मी धीर दिला.

ती पहिली आली आणि धापा टाकतच चपला घालून त्यांच्यामागं निघाली.

आज माझ्या लेकीला बघायला पाहुणे येतायत. मी सकाळपासून मैदानावरच फेऱ्या मारतोय. आता कळतंय, आप्पांना धीर नको होता. "व्हय, पाहुणे न्हाय म्हणतील," एवढंच ऐकायचं होतं.