यामिनीने अडवलेले चेंडू

मोहनकाकांना यामिनी फारशी ठाऊक नव्हती. लंडनमधल्या क्रॉयडनच्या बेसबॉल क्लबात ती दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधली जागा सांभाळायची आणि ते स्कोअर लिहायचे, एवढंच. हातातून चेंडू सुटण्याच्या तिच्या चुका सर्वांत जास्त, म्हणून कॅप्टन यतीनने तिला संघाबाहेर बसवायचं ठरवलं.

“तू जागचा हलत नाहीस, तुझी चूक होणार कशी?” ती उसळली. “काका, अडवलेले चेंडूही मोजा!”

काकांनी सीझनभराचे मोजले. तिचे कितीतरी जास्त निघाले. इतर जिथे पोचतच नव्हते, तिथे ती पोचत होती.

“तरी चूक ती चूकच,” यतीन म्हणाला.

“मग हलवून दाखव,” म्हणत ती पुढच्या मॅचला आपल्या जागी जाऊन उभी राहिली. कुणी हलवलं नाही.

त्याच आठवड्यात ती नोकरीसाठी कार्डिफला गेली. त्या मॅचनंतर तिने विचारलं होतं, “काका, गाडीने घरी सोडू?”

“नको गं, ट्रॅम आहे,” काका म्हणाले होते; ती जाणार आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं.