बाबांनी डाय सरळ केली

बाबा नागपूरहून तीन महिन्यांसाठी माझ्याकडे कॉव्हेंट्रीला आले होते. आमच्या शेजारी एक रिटायर्ड इंग्रज गृहस्थ राहतात, पूर्वी टूलमेकर होते. बाबांची आणि त्यांची ओळख कुंपणावरून हात हलवण्यापुरतीच.

एका शनिवारी सकाळी हे शेजारी गॅरेजमध्ये वैतागून एकटेच बडबडत होते. दार उघडं होतं म्हणून मी विचारलं, "एव्हरीथिंग ओके?" त्यांनी बोटाएवढी पितळी नळी पुढे केली. काडतुसाची रिकामी पुंगळी होती ती. ते रायफल क्लबचे मेंबर आहेत, लायसन्स आहे आणि काडतुसं घरीच पुन्हा भरतात, हे मला चार वर्षांत पहिल्यांदा कळलं. त्या गॅरेजची आणि आमच्या किचनची भिंत एकच!

त्यांची तक्रार साधी होती. गोळी उडाली की पुंगळी थोडी फुगते. तिला मूळ मापात आणायला हाताच्या प्रेसवर एका डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, दाबतात. त्यांच्या पुंगळ्या तोंडाशी वाकड्या निघत होत्या.

बाबाही माझ्यामागे येऊन उभे होते. मी त्यांना हे मराठीत सांगायच्या आत ते म्हणाले, "डाय सेंटरला नाही. तिचा नट पुंगळी आत न घेता आधीच आवळला असेल त्यांनी."

मी वळून बघतच राहिले. बाबा आत गेले, शेजाऱ्यांकडे बघून मान हलवून परवानगी घेतली आणि नट सैल केला. एक पुंगळी प्रेसवर बसवली, दांडा दाबून ती डायमध्ये नेली. एका हाताने दांडा तसाच दाबून धरला आणि दुसऱ्याने नट आवळला.

"पुंगळीच डायला मध्यावर आणते," ते म्हणाले. "आपण घाई करायची नाही."

पुढची पुंगळी दाबून त्यांनी सपाट काचेच्या तुकड्यावर लोळवली. तोंड जराही डगमगलं नाही.

"हे कुठे शिकले?" शेजाऱ्यांनी मला विचारलं. "तू तर म्हणालीस, क्लर्क होते."

बाबांना इंग्रजी समजतं. "क्लर्क शेवटची सहा वर्षं," ते मला म्हणाले. "त्याआधी बावीस वर्षं प्रेसवर. दारूगोळ्याच्या कारखान्यात, काडतुसांच्या खात्यात."

कारखान्यात ते रजिस्टरं लिहितात, असंच आई आम्हाला सांगायची. शाळेच्या फॉर्मवर मी वडिलांचा व्यवसाय स्वतःच्या अक्षरात लिहायचे : लिपिक.

घरी आल्यावर चहा तसाच ठेवून मी विचारलं, "बाबा, का नाही सांगितलंत?"

"तुझ्या आईला नको होतं. रोज संध्याकाळी तुला आणि दादाला समोर बसवून पंचशील म्हणायचो. प्राणिहिंसा करणार नाही, हे पहिलंच. आणि सकाळी मी तिकडे." त्यांनी चहाचा कप पुढे ओढला. "काम सोडणं परवडणार नव्हतं. मग ऑफिसात बदली मागितली. ती मिळेपर्यंत प्रेसवर बावीस वर्षं झाली."

मी सतत आठवत राहिले, कधी काही दिसलं होतं का? कपड्यांना वास? हातांवर खुणा? काहीच आठवेना. एवढ्याशा दोन खोल्यांत आम्ही राहिलो आणि मला माझ्या बापाचं काम माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शेजारी बिस्किटांचा डबा घेऊन आले. सगळ्या पुंगळ्या सरळ निघाल्या होत्या. "त्यांना आमच्या शूटिंग रेंजवर घेऊन येशील? क्लबच्या मेंबरांशी ओळख करून द्यायचीय."

"त्यांना सांग," बाबा म्हणाले, "डाय पुन्हा हलली तर बोलवा. पण गोळ्या उडवताना बघायला मी येणार नाही."

मी तसंच सांगितलं. शेजाऱ्यांनी कारण विचारलं नाही, फक्त बाबांचा हात हातात घेतला.

बाबा परत गेले त्याला आता वर्ष होईल. पुण्यात असलेल्या दादाला मी बाबांच्या कामाचं अजून सांगितलेलं नाही. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर सुरुवात करते आणि भलतंच काहीतरी बोलते.