अर्धी टेकडी

उस्ताद कलिंगड कापायचे ते बघण्यासारखं असायचं. सुरी मधोमध, सरळ खाली. मग एका अर्ध्याच्या फोडी आणि दुसऱ्या अर्ध्यावर फडकं. "हाफ खलास. बाकी बाद में आने वाला." बाद में येणारे म्हणजे पायाच्या खड्ड्यातलं पाणी उपसणारे, दुसऱ्या पाळीचे पंपवाले.

दोन हजार दोनच्या सुमारास शारजात, अल मजाजच्या पाण्याकाठी, आम्ही एका टॉवरचा पाया खणत होतो. मी साइट इंजिनिअर, उस्ताद माती तपासायला. माणूस इराकी, साठीकडे झुकलेला. आमचा मालवणी ड्रायव्हर सावंत त्यांना छेडायचा, "उस्ताद, बाकी आधा म्युझियम को देगा क्या?" उस्ताद गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, "इन्शाल्ला."

हे वेड कुठलं ते मला हळूहळू कळलं. दक्षिण इराकातल्या एका टेकडीवर उस्तादांनी पुरातत्त्व खात्यात उमेदीची वर्षं घालवली होती. मातीची घरं पडायची, त्यांवरच नवी बांधायची, असं हजारो वर्षं चालून उंच झालेलं ते जुनं गाव. उस्तादांनी टेकडी अर्धीच खणली. उरलेल्या अर्ध्या भागाला कोणाला हात लावू दिला नाही.

"का बरं?" मी विचारलं.

"आमच्या हातून चुका झाल्या. एकदा खणलं की परत ठेवता येत नाही, अखी, माझ्या भावा. आमच्यानंतर येणारे जास्त हुशार असतील."

पुढे युद्ध झालं, खोदकाम बंद पडलं, पगारात घर चालेना, आणि ते इकडे आले. पाकिटात टेकडीवरच्या मजुरांचा फोटो असायचा. मातीत गाडलेली मातीचीच भिंत बोटांनी कशी ओळखायची, हे त्या शेजारच्या गावातल्या माणसांना त्यांनीच शिकवलं होतं. मुकादम तर त्यांचा फारच लाडका. बसऱ्याहून कोणी आलं की उस्ताद आधी विचारायचे, "टेकडी शाबूत आहे ना?" घरच्यांची चौकशी त्यानंतर. आम्ही हसायचो.

दोन हजार तीनच्या लढाईनंतर एका दुपारी साइट ऑफिसच्या टीव्हीवर, हेलिकॉप्टरमधून टिपलेली तीच टेकडी दिसली. राखून ठेवलेल्या अर्ध्या भागावर खड्डेच खड्डे, देवीच्या व्रणांसारखे.

"साले अनपढ चोर!" सावंत म्हणाला.

उस्ताद उठून पडद्याजवळ गेले. "अनपढ नहीं. देखो, दीवार कहीं नहीं तोड़ा." खड्डे भिंतींच्या कडेकडेने गेले होते. मग ते अगदी हळू म्हणाले, "ये मेरा आदमी."

मला त्या मजुरांचा भयंकर संताप आला. उस्तादांना आला नाही. "इतकी वर्षं त्यांना काम कोणी दिलं? त्यांनाही मुलं आहेत," एवढंच म्हणाले.

आठवड्याभरात ते जायला निघाले. मी विचारलं, "मुकादमाला पोलिसात देणार?"

"ला, ला, पोलीस नाही. विकलं ते विकलं. कुठली वस्तू किती खोल मिळाली, तेवढं विचारायचंय. तो विसरायच्या आत."

बसऱ्याच्या बोटीने गेले. पुन्हा फोन नाही, निरोप नाही. तिकडून कोणी आलं की आता सावंत विचारायचा, "हमारा उस्ताद मिला क्या?" लोक मान हलवायचे. त्या दिवसांत तिकडे जाऊन न परतलेली माणसं पुष्कळ होती.

पाया भरून झाला, पंप बंद झाले, दुसरी पाळी गेली. त्या उन्हाळ्यात सावंतने कलिंगड आणलं. मधोमध कापलं, अर्ध्याच्या फोडी केल्या आणि उरलेलं फडक्याने झाकून ठेवलं. संध्याकाळपर्यंत ते आंबलं. मीच नेऊन टाकलं.