फळमाशांचा होकार आणि माझं गणित

सत्तरच्या दशकात मी नागपुरात गणितात संशोधन करत होतो, आणि तेही कशावर, तर फळमाशांच्या प्रेमप्रकरणांवर. "पोरगा काय माशा मारून राहिला काय गा?" असं ओळखीचे लोक वडिलांना विचारायचे. "नाही गा, त्यायचे लगनं जुळवून राहिला," वडील तोंड पाडून सांगायचे.

माशा होत्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या एका मुलीच्या, सडक्या केळ्यांवर वाढवलेल्या. काचेच्या नळीत एक नर, एक मादी. ती भिंगातून बघून सांगायची, "वळला... मागं लागला... पायानं शिवला... पंख थरथरवला..." आणि मी लिहून घ्यायचो. कोणत्या पायरीनंतर कोणती यायची शक्यता किती, हे काढणं माझं काम. तिचा आवाज ऐकता ऐकता मी पार कामातून गेलो होतो. पण सांगायची छाती कुठाय? टाचणीच्या टोकाएवढ्या मेंदूचा तो नर पहिल्याच मिनिटात पंख थरथरवायचा, आणि मी वर्षभर नुसत्या रेघोट्या ओढत बसलो होतो.

हिवाळ्यात ती नरखेडकडच्या तिच्या गावी निघाली. "पाहुणे येऊन राहिले मले पाहाले," ती म्हणाली. "मी अजून काही ठरवलं नाही जी." एवढं बोलून ती दारातच उभी राहिली. मी काय बोलावं? "माशांची काळजी करू नका, मी बघतो." धन्य आमची!

बघायचं एवढंच होतं, की रात्री कोशातून निघालेल्या माद्या पहाटेच नरांपासून वेगळ्या करायच्या. पण ती थंडी, ती रजई! मी आपला चहा-पोहे आटोपून उन्हं वर आल्यावर पोचायचो. मग प्रयोग. नर जीव तोडून पंख थरथरवायचे, माद्या लाथा घालायच्या. एक म्हणून तयार होईना. मी गणित मांडलं. होकाराची शक्यता शून्य. खरं सांगतो, मला हायसं वाटलं. विचारण्यात अर्थच नाही, असं आता शास्त्रच म्हणत होतं! तिला गावी पत्र टाकायचं मनात होतं, ते मी सोडून दिलं.

ती परत आली. मी ऐटीत तक्ता पुढे केला. तिनं विचारलं, "माद्या किती वाजता वेगळ्या केल्या?"

"नऊ... साडेनऊ."

"माय वं!" ती हसत सुटली. "ह्यायचे तर सगळ्यायचे आधीच जुळले होते जी! त्या आता दुसऱ्याले कायले हो म्हणतीन? एखाद्या कुंवारीले विचारून पाहाचं होतं!"

माझ्या तोंडून निघून गेलं, "आता विचारलं तर?"

तिचं हसू थांबलं. भिंग पुसत ती म्हणाली, "परवा सुपारी फुटली माही. लगन ठरलं."

दुसऱ्या दिवसापासून मी पहाटे, अंधारातच प्रयोगशाळेत हजर. माद्या भराभर हो म्हणू लागल्या.