किनारा विसरलेला तांडेल

सकाळी बोईसरला कारखान्यात निघायच्या गडबडीत होतो, तेव्हा नवापूरहून वहिनीचा फोन आला. "भावजी, हे उठत नाय. हात गार लागतोय..." माझा मोठा भाऊ, जनार्दनदादा, झोपेतच गेला होता. त्याला जाऊन आता दीडेक महिना होईल. रडून झालं. रडण्याच्या जागी आता भीती येऊन बसली आहे, ती काही हलत नाही.

दादा आमच्या बोटीचा तांडेल. जाळं कुठे टाकायचं, कधी परतायचं, सगळं तोच ठरवायचा. अंगाने पहिल्यापासून भरलेला. आम्ही दोघेही आईवर गेलो. चाळिशीनंतर मात्र त्याचं वजन वाढतच गेलं. गुडघे धरले, चालणं सुटलं. झोपेत घोरता घोरता मध्येच श्वास बंद पडल्यासारखा व्हायचा, आणि मग तो धडपडून दचकायचा. दिवसा बोलता बोलता डुलकी लागायची. पुढे खलाशांची नावं घेताना अडखळू लागला. "वय झालं रे," म्हणायचा. पन्नाशीही गाठली नव्हती त्याने.

एका सुट्टीच्या दिवशी मीही बोटीवर होतो. स्वच्छ दुपार, परतीची वेळ. डाव्या हाताला तारापूरच्या वीजकेंद्राची उंच चिमणी दिसत होती. ती दिसली की घर आलं, हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक. सुकाणू दादाच्या हातात होतं, आणि बोट हळूहळू किनाऱ्याकडे पाठ फिरवत होती. मी जवळ गेलो. खलाशांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्याने विचारलं, "बाळ्या, ती चिमणी कसली हाय?"

मला वाटलं, थट्टा करतोय. त्याच्याकडे पाहिलं... तो घाबरला होता. मी त्याच्या हातावर हात ठेवून सुकाणू वळवलं. दुसऱ्याच दिवशी त्याला बोईसरला तपासायला नेलं.

तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "हे विसरणं नुसतं वजनामुळेच आलं असं सांगता येणार नाही. पण इतकं वजन, साखर, रक्तदाब, झोपेत अडकणारा श्वास, या सगळ्याचा मेंदूवर परिणाम होऊ शकतो." दादाने मनावर घेतलं. भात अर्ध्यावर आणला, धापा टाकत किनाऱ्याने चालू लागला, श्वासाचं यंत्र लावून झोपू लागला. थोडा तरतरीतही झाला. पण बोटीवर पुन्हा गेला नाही. "मी एकटा बुडलो तर चालंल," म्हणाला, "खलाशांना संगं नाय नेणार." हृदय मात्र आधीच थकलं होतं.

तेराव्यानंतर बायको मला हळूच म्हणाली, "तुमचाही श्वास अडकतो झोपेत. मी ऐकत पडून राहते." आता कारखान्यात एखादं नाव पटकन आठवलं नाही, तर मी काम थांबवून सगळ्यांची नावं मनात म्हणून बघतो. तपासणीला जायचं ठरवलं आहे...

गेल्या रविवारी नवापूरला गेलो. वहिनीने दादाची कापसाची गादी कुणाला टाकू दिलेली नाही. गादीत त्याच्या अंगाचा खड्डा तसाच आहे. कसं कोण जाणे, मी त्यात आडवा झालो. खांदे, कंबर, टाचा... सगळं बरोबर बसलं.

चहा घेऊन आलेली वहिनी दारातच थबकली.

"भावजी," ती म्हणाली, "उठा तिथनं."