हॉर्न अण्णांचा, स्प्रिंग वानखडेंची

किस्से जमा करायला काही वेगळी मेहनत लागत नाही. एक जुनी गाडी घ्यायची, तिचं बोनेट उघडायचं आणि भोवती तीन माणसं उभी करायची. गाडी दुरुस्त होवो न होवो, किस्सा हमखास तयार होतो. माझा धंदा हारफुलांचा, अमरावतीत. लग्नासाठी जुन्या गाड्या सजवता सजवता मी या मंडळीत शिरलो आणि आता बायको म्हणते, "फुलांपेक्षा ग्रीसचाच वास जास्त येते तुमाले."

मंडळी मोजकीच. इथले गॅरेजवाले रज्जाकभाई, अकोल्याचे वानखडे आणि गावातलेच आमचे अण्णा. वानखडे आणि अण्णा, दोघांकडे एकाच मॉडेलच्या, एकाच वयाच्या गाड्या. अण्णांची काळी, वानखडेंची दुधी. कोणाची चांगली यावर दोघांचं दर रविवारी गॅरेजमध्ये भांडण, आणि भांडून झालं की एकाच प्लेटमधली कचोरी.

*

या गाड्यांच्या स्टिअरिंगमध्ये एक चकचकीत अर्धगोल रिंग असते. ती दाबली की हॉर्न वाजतो. अण्णांनी जन्मभर धामणगावला कापसाची दलाली केली, पण गाडीतून उतरून कोणाला बोलावलंय असं मी कधी पाहिलं नाही. माझ्या दुकानासमोर गाडी उभी करायची आणि रिंग दाबायची, दोनदा, लांबलचक. मी गजरा घेऊन खिडकीशी हजर.

एकदा दुकानात तुडुंब गर्दी होती. म्हटलं, "अण्णा, आज उतरून या ना."

"उतरून, निवडून गजरा नेला तं तुही काकू इचारते, आज काय गुन्हा करून आले म्हणून."

घरीही तेच. बायकोला नावानं हाक मारणं अण्णांच्या पिढीत नव्हतंच. फाटकाशी हॉर्न वाजायचा. काकू आधी गॅस बंद करायच्या, मग चप्पल शोधायच्या, मग कुलूप. मी विचारलं, "काकू, पहिल्या हॉर्नले काहून नाई निंगत तुमी?"

"पहिल्याले निंगाली असती तं तुह्या अण्णाले सवय लागली असती."

*

मग तो हॉर्न बंद पडला. दुरुस्तीला आणतो, आणतो म्हणता म्हणता अण्णांनाच अर्धांगाचा झटका आला. जिभेला काही झालं नाही, ती उलट जास्तच चालायला लागली. पण उजवा पाय ओढायला लागला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आता चाललात तर पाय परत येईल, नाहीतर कायमचं खाटेवर.

अण्णांनी खाट धरली. पोरगा समजावून थकला. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी रडकुंडीला आली. वॉकर आणला, तर त्यावर टॉवेल वाळत पडला. आम्ही भेटायला गेलो तेव्हा म्हणाले, "लोकाइले काय लंगडून दाखवू? पुरे झालं आता. गाडी विकून टाका."

हे शेवटचं ऐकलं आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. हा माणूस खाट विकेल, घर विकेल, पण गाडी?

दोन-चार दिवसांनी काकू रिक्षा करून गॅरेजमध्ये आल्या. आयुष्यात पहिल्यांदा. म्हणाल्या, "रज्जाकभाई, गाडी घेऊन या अन् हॉर्न दुरुस्त करून द्या. यायले चालवाचं हाय."

रज्जाकभाई गोंधळले. "भाभी, हॉर्नचा अन् पायाचा काय संबंध?"

"हॉर्न तुमी पाहा. पाय मी पाह्यते."

*

हॉर्नपर्यंत पोचायचं तर आधी स्टिअरिंगचं चाक काढावं लागतं. मधला नट सैल करायचा, पण पूर्ण काढायचा नाही, म्हणजे चाक निसटलं तरी तोंडावर येत नाही. रज्जाकभाईंनी हे वानखडेंना सांगितलं. वानखडेंनी मान डोलावली आणि नट पूर्ण काढला. मग चाक दोन्ही हातांनी धरून असा काही हिसका दिला की चाक छातीशी घेऊन ते सीटवर उताणे.

रज्जाकभाई शांतपणे म्हणाले, "आता जा असेच अकोल्याले."

या हिसक्यात रिंगखालची स्प्रिंग उडाली. उडाली ती थेट माझ्या झेंडूच्या टोपलीत. लग्नाची ऑर्डर पोचवायची होती म्हणून टोपली सोबत होती. तिघांनी अख्खी टोपली चिवडली, पण स्प्रिंग काही हाती लागेना. तिकडून नवरदेवाच्या मामाचे फोनवर फोन. शेवटी तीच फुलं ओवली आणि हार पाठवून दिले.

म्हणजे त्या दिवशी अण्णांच्या हॉर्नची स्प्रिंग कोणाच्या तरी गळ्यात पडली. संसार नीट चाललाय त्यांचा, मी चौकशी केली.

*

काम म्हणाल तर स्प्रिंगचं एवढंच. रिंगला खालच्या पितळी पत्तीपासून वर उचलून धरायचं. दाबली की पत्तीला टेकली, हॉर्न वाजला. सोडली की स्प्रिंगनं वर ढकलली, हॉर्न बंद. मूळ बिघाड पत्तीवरच्या गंजाचा, तो रज्जाकभाईंनी घासून काढला. पण त्या मापाची स्प्रिंग आता बाजारात मिळत नाही, म्हणून त्यांनी बॉलपेनातली बसवली. गॅरेजमध्ये झकास चालली. ट्रायल म्हणून आम्ही गाडी मोझरीपर्यंत नेली.

नेमकी तिथल्या गुरुकुंज आश्रमासमोर, गतिरोधकावर, रिंग खाली बसली ती बसलीच. हॉर्न सुरू. प्रार्थना आटोपून माणसं शांतपणे बाहेर येत होती आणि मधून आमचा हा भोंगा! वानखडेंनी माफी मागायची म्हणून खिडकीतून हात जोडले. लोकांनीही हात जोडले. एका बुजुर्गांनी तर सगळ्यांना बाजूला करून रस्ता दिला. "जाऊ द्या, कोनी मोठे लोक असतीन."

येताना रज्जाकभाई एका हातानं गाडी चालवत होते आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी रिंग वर उचलून धरत होते. काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, "वाजते ना? मंग द्या तसाच. किती दिवस झाले, पाय सुकून राह्यला यायचा."

रज्जाकभाई कधी आवाज चढवत नाहीत, त्या दिवशी चढवला. "नाई भाभी, असा अर्धवट मी अण्णाले देणार नाई."

*

आता वानखडे. हा माणूस पार्ट्स साठवण्यात पटाईत आणि देण्यात महाकंजूष. जुना वायसर मागितला तरी "पाहून सांगतो" म्हणतो आणि वर्षभर पाहतो. म्हणून त्यांच्याकडे मागायचा विचारही कोणी केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वानखडे गॅरेजमध्ये हजर. एस.टी.नं आले होते. गाडी सोडून एस.टी.नं आलेले वानखडे मी प्रथमच पाहिले. खिशातून रुमाल काढला, रुमालातून स्प्रिंग. रज्जाकभाईंनी ती उजेडात धरली. जुन्या ग्रीसनं काळी पडलेली.

"वानखडेसाब, ही डब्यातली नाई. चालत्या गाडीतून काढली हाय."

"मंग?"

"अन् तुमचा हॉर्न?"

"मले बोंबलता येते," वानखडे म्हणाले आणि चहा सांगायला निघून गेले.

खोटं नाही सांगत. हल्ली अकोल्यात गर्दीतून दुधी गाडी येते आणि चालवणारा खिडकीतून मुंडकं काढून "ओ भाऊ, सरका" म्हणून ओरडत येतो. मला तो माणूस त्या दिवसापासून फार आवडतो.

*

स्प्रिंग बसली, चाक बसलं आणि आम्ही गाडी अण्णांच्या अंगणात नेऊन लावली, अगदी ओट्याला चिकटून. काकू बाहेर आल्या आणि सरळ अण्णांच्या जागेवर, स्टिअरिंगमागे जाऊन बसल्या. काकूंना गाडी चालवता येत नाही. त्यांनी रिंग दाबली. दोनदा, लांबलचक.

पुन्हा दाबली.

"कोन हाय बे गाडीत? बॅटरी उतरवता काय?" अण्णा आतूनच ओरडले.

काकूंनी पुन्हा दाबली.

"अरे, एका बाजूनं काहून दाबून राह्यले? रिंग वाकते ना तशानं! रज्जाक, हात काढ पहिले त्याचा."

रज्जाकभाईंनी तोंडावर बोट ठेवलं. काकूंनी मुद्दाम एका बाजूनं दाबली, आणि सोडलीच नाही.

आत काहीतरी खडखडलं. मग वॉकर टेकल्याचा आवाज. मग पाय ओढल्याचा. पुन्हा वॉकर, पुन्हा पाय. अण्णा बनियन-पायजम्यावर दारात आले. घामानं चिंब. मी धरायला पुढे झालो, तर काकूंनी गाडीतूनच डोळे वटारले. अण्णा ओट्याची एकुलती पायरी उतरले, गाडीशी आले, खिडकीतून आपल्या जागेवर बसलेल्या बायकोकडे पाहत राहिले.

"सरक."

"नाई सरकत. तिकून बसा."

अण्णांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही तिघंही आकाशात बघत होतो. मग त्यांनी वॉकर तिथंच सोडला, बोनेटवर हात टेकला आणि धरत धरत निघाले. हेडलाइटपाशी थांबून दम घेतला. पुन्हा निघाले. गाडीला पुढून वळसा घालून पलीकडच्या दाराशी पोचले. काकूंनी आतून दार उघडून दिलं. अण्णा बसले, मोठा श्वास सोडला आणि म्हणाले, "आवाज मस्त येऊन राह्यला."

काकूंनी इकडच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि हळूच सांगितलं, "रज्जाकभाई, उद्या गाडी फाटकाच्या भायेर लावजा."